व्हीगन चळवळ

व्हीगन चळवळ : मांस व मासे यांबरोबरच दूध, दुग्धजन्य पदार्थ, अंडी आणि मध हेही वर्ज्य मानणारी, तसेच कातडे, लोकर, रेशीम, फर यांसारख्या प्राणिजन्य वस्तूंचा वापर शक्य तितका टाळणारी जीवनपद्धती व तिच्या प्रसारार्थ इंग्लंडमध्ये १९४४ साली सुरू झालेली चळवळ. मराठीत या संज्ञेस सर्वमान्य प्रतिशब्द रुळलेला नाही. ‘शुद्ध शाकाहारी’ हा शब्द येथे उपयोगी पडत नाही. कारण तशी पाटी लावणाऱ्या खाणावळीत तूप, ताक व श्रीखंड असणारच, हे गृहीत असते. रूढ शाकाहारापासून ही चळवळ वेगळी झाली, ती मुख्यत्वे दुधाच्या प्रश्नावरून. तिच्या प्रारंभीच्या काळाचा इतिहास हा बव्हंशी या एका पदार्थाविषयीच्या वादाचा इतिहास आहे.

मांसत्यागाची परंपरा अनेक देशांत जुनी आहे. दुग्धत्यागाची उदाहरणे मात्र विरळ आढळतात. अकराव्या शतकातील सिरियाचा अंध कवी अबुल अला अल्-मअर्री (९७३–१०५७) याने मांसाबरोबर दूध, अंडी व मधही वर्ज्य केले होते. त्याच्या या व्रताविषयी फातिमी धर्मप्रचारक अल्-मुअय्यद याने त्याच्याशी केलेला पत्रव्यवहार उपलब्ध आहे. भारतातील जैन व वैष्णव आचारांत अहिंसेचा सूक्ष्म विचार झालेला असला, तरी दूध निषिद्ध ठरले नाही. जनावरास न मारता ते मिळते, हे त्यामागील सर्वसाधारण समर्थन होय. रॅम्सगेट येथे १८४७ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश शाकाहारी संस्थेनेही दूध व अंडी यांना मुभा ठेवली होती. या समर्थनावर पुढे जो आक्षेप घेण्यात आला तो असा : गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही, जन्मणाऱ्या वासरांपैकी सुमारे निम्मी नर असतात, दुग्धव्यवसायास त्यांचा उपयोग नसतो आणि आटलेल्या गाईचाही नसतो. अर्थात दुधाचा धंदा व खाटिकखाना ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे ठरतात. जेथे बैल शेतीस लागत असे तेथे हा आक्षेप पूर्णतः लागू पडत नव्हता, ही गोष्ट युरोपीय लेखकांच्या सहसा ध्यानात आलेली दिसत नाही. तथापि रेडकांच्या बाबतीत भारतातही तो टाळता येण्याजोगा नव्हता.

या प्रश्नाचा प्रत्यक्ष आचरणातील सर्वांत बोलका दाखला महात्मा गांधींच्या चरित्रात मिळतो. दक्षिण आफ्रिकेतील टॉल्स्टॉय फार्मवर १९१२ मध्ये त्यांनी दूध सोडले. कलकत्त्यातील गवळी गाईम्हशींचे अधिक दूध काढण्यासाठी ‘फुंका’ नावाची क्रूर रीत वापरतात, असे त्यांच्या वाचनात आले होते, हे या त्यागाचे एक कारण होते. खेडा जिल्ह्यातील दगदगीनंतर १९१८ मध्ये आमांशाने ते मरणोन्मुख झाले. प्रकृती सुधारण्यासाठी ते माथेरानलाही जाऊन आले. परंतु गुण आला नाही. पुढे मुंबईस डॉ. दलाल यांनी दुधावाचून अंगी शक्ती येणार नाही, असे बजावले. तेव्हा व्रत घेताना गाईम्हशींचेच दूध मनात होते, शेळीचे नव्हे, ही तोड कस्तुरबांनी सुचविली. गांधींनी ती स्वीकारली. मात्र आपण व्रताचे अक्षर पाळले, आत्मा नव्हे, अशी कबुली त्यांनी आत्मचरित्रात दिली आहे. वनस्पतिसृष्टीत दुधाची जागा घेणारे काही तरी असलेच पाहिजे, हा त्यांचा विश्वास अखेरपर्यंत कायम होता. तरीही शेळीचे दूध त्यांना शेवटपर्यंत सोडता आले नाही.

इंग्लंडमध्ये या वादास संघटित रूप देणारा डॉनल्ड वॉटसन (१९१०–२००५) हा यॉर्कशरमध्ये जन्मलेला सुतारकामाचा शिक्षक होता. लहानपणी चुलत्याच्या शेतावर डुकराची कत्तल पाहून तो हादरला व चौदाव्या वर्षी त्याने मांस सोडले. दूध सोडले ते पुष्कळ नंतर. दुसऱ्या महायुद्धात त्याने सदसद्विवेकबुद्धीस स्मरून सैन्यसेवा नाकारली. शाकाहाऱ्यांनी दूधदुभते घ्यावे काय, या विषयावर लेस्टर येथे त्याने १९४३ च्या अखेरीस व्याख्यान दिले. त्यातून उद्भवलेली चर्चा काही काळ शाकाहारी संस्थेच्या मासिकात चालली. परंतु दूध न घेणाऱ्यांसाठी स्वतंत्र विभाग काढण्यास संस्थेने संमती दिली नाही. तो काळ शिधावाटपाचा होता. मांसाचा शिधा सोडणाऱ्या शाकाहाऱ्यास जादा चीज मिळे, म्हणजे दूध सोडणाऱ्याच्या पदरी यातून काहीच पडत नसे. दुसरीकडे, दुभत्या गाईंतील क्षयरोगाच्या प्रादुर्भावामुळे दुधाविषयी सर्वसामान्य लोकही साशंक होते.

नोव्हेंबर १९४४ मध्ये लंडनमध्ये मूठभर मंडळी जमली आणि व्हीगन सोसायटीची स्थापना झाली. या बैठकीची नेमकी तारीख पुढे कोणास सांगता आली नाही. म्हणूनच १९९४ मध्ये सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने जागतिक व्हीगन दिन ठरविताना १ नोव्हेंबर हा दिवस सोयीने निवडण्यात आला. ‘व्हीगन’ हा शब्द ‘व्हेजिटेरियन’ या इंग्रजी शब्दाची पहिली तीन व शेवटची दोन अक्षरे जोडून बनविलेला आहे. ‘डेअरीबॅन’, ‘व्हायटन’, ‘बेनेव्होर’ अशी इतरही नावे सुचविली गेली होती. ती मागे पडली हे चळवळीचे भाग्यच म्हणावे लागेल. संस्थेचे त्रैमासिक प्रारंभी वॉटसन एकहाती काढीत असे. लेस्ली क्रॉस याच्या आग्रहावरून १९५१ साली संस्थेने आपले ध्येय आहारापुरते न ठेवता प्राण्यांच्या सर्व प्रकारच्या शोषणाविना जगणे असे व्यापक केले. ‘शक्य व व्यवहार्य असेल तितके’ ही मर्यादा व्याख्येत १९७९ मध्ये समाविष्ट झाली.

चळवळीस सर्वांत मोठा धोका टीकाकारांकडून नव्हे, तर शरीरधर्माकडून होता. ब-१२ जीवनसत्त्व १९४८ मध्ये इंग्लंड व अमेरिका येथे जवळजवळ एकाच वेळी वेगळे करण्यात आले. ते विशिष्ट सूक्ष्मजंतूच तयार करतात. वनस्पतींत ते विश्वसनीय प्रमाणात मिळत नाही. यकृतात त्याचा काही वर्षे पुरेल इतका साठा असल्याने दूध सोडणारी व्यक्ती दीर्घकाळ निरोगी दिसते. शिवाय वनस्पतिज आहारात फॉलिक अम्ल विपुल असल्यामुळे रक्तक्षयाची लक्षणे झाकली जातात, मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते. फ्रँक वोक्स व त्याचे सहकारी यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही व्हीगनांमध्ये जीभ सोलवटणे, हातपायांना मुंग्या येणे अशी लक्षणे नोंदविली. निसर्गाने मनुष्यास दिलेला आहार परिपूर्णच असणार, असे मानणाऱ्यांना हा निष्कर्ष पचविणे जड गेले. तथापि हे जीवनसत्त्व सूक्ष्मजंतूंच्या किण्वनाने तयार करता येत असल्यामुळे तत्त्वाशी तडजोड न करता उपाय सापडला. गांधींच्या वेळी तो उपलब्ध नव्हता. केवळ दूध घेतल्याने हा प्रश्न सुटतो असेही नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पुण्यातील मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीत सु. ६७% जणांत या जीवनसत्त्वाची पातळी कमी आढळली.

दुसरी गरज दुधाच्या पर्यायाची होती. क्रॉस व त्याचे सहकारी यांनी १९५६ मध्ये वनस्पतिदुग्ध संस्था स्थापन केली. हिरव्या पानांतील प्रथिने काढण्याच्या प्रयोगांपासून प्रारंभ होऊन अखेर सोयाबीनवर भिस्त ठेवण्यात आली व १९६५ मध्ये सोयादूध विक्रीस आले. चीनमध्ये सोयाबीनचे दूध फार पूर्वीपासून परिचित होते. नवे होते ते त्यात जीवनसत्त्वे मिसळून त्यास गाईच्या दुधाच्या जागी बसविणे.

अमेरिकेतील संघटनेचा धागा मुंबईशी जुळतो. अमेरिकन व्हीगन सोसायटीचा संस्थापक जे दिनशा (१९३३–२०००) हा मुंबईहून अमेरिकेत स्थायिक झालेल्या दिनशा घडियाली या पारशी गृहस्थाचा मुलगा. तो जन्मापासून शाकाहारी होता. फिलाडेल्फियातील खाटिकखाना १९५७ मध्ये पाहिल्यावर त्याने दूधही सोडले. संस्था १९६० मध्ये निघाली आणि तिच्या नियतकालिकाचे नाव ‘अहिंसा’ असे ठेवण्यात आले. दुधास मुभा देणाऱ्या परंपरेतील हा शब्द दुग्धत्यागाच्या चळवळीने अशा रीतीने आपलासा केला.

रूथ हॅरिसन हिच्या ‘ॲनिमल मशीन्स’ (१९६४) या ग्रंथाने पिंजऱ्यातील कोंबड्या व अरुंद खोक्यांत कोंडलेली वासरे यांकडे जनतेचे लक्ष वेधले. ही वासरे प्रामुख्याने दुग्धव्यवसायातूनच येत असल्याने जुन्या आक्षेपास नवा पुरावा मिळाला. सरकारने नेमलेल्या ब्रँबेल समितीचा अहवाल १९६५ मध्ये आला. वासरांच्या खोक्यांवर ब्रिटनमध्ये बंदी आली ती मात्र १९९० साली. पुढे रिचर्ड रायडर, पीटर सिंगर, टॉम रेगन प्रभृतींनी प्राण्यांच्या हक्कांची तात्त्विक मांडणी केली.

पोशाख व सौंदर्यप्रसाधने यांच्या क्षेत्रात म्यूरिएल डाउडिंग हिने १९५९ मध्ये स्थापिलेली ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ ही संस्था अग्रेसर ठरली. तिची भारतीय शाखा १९७४ मध्ये पुणे येथे सुरू झाली. रेशमासाठी कोशातील किडे उकळत्या पाण्यात मारले जातात आणि मिठाईवरील चांदीचा वर्ख जनावरांच्या आतड्यांच्या थरांत ठोकून केला जाई, या गोष्टी शाकाहारी घरांपर्यंत पोहोचविण्याचे श्रेय बऱ्याच अंशी तिला आहे. वर्खाच्या निर्मितीत प्राणिजन्य साहित्य वापरण्यास भारतात २०१६ मध्ये मनाई झाली. कातड्याच्या पर्यायांची बाजू मात्र तितकी निर्मळ नाही. त्यांपैकी बरेचसे खनिज तेलापासून बनणाऱ्या प्लॅस्टिकचे असतात. अननसाच्या पानांचे तंतू, कवकजाल इत्यादींपासून केलेली द्रव्ये अलीकडील होत.

एकविसाव्या शतकात वाद पुन्हा दुधाकडे वळला. या वेळी शब्दापुरता. यूरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये वनस्पतिजन्य पदार्थ ‘दूध’, ‘लोणी’, ‘चीज’ या नावांनी विकता येणार नाहीत, असा निर्णय दिला. नारळाच्या दुधासारख्या काही रूढ नावांचा अपवाद मान्य होता. ब्रिटनमधील एका रोजगार न्यायाधिकरणाने जानेवारी २०२० मध्ये नैतिक भूमिकेतून स्वीकारलेले व्हीगन जीवन ही कायद्याचे संरक्षण असलेली श्रद्धा ठरविली. भारतात शाकाहारी पदार्थांवरील हिरव्या ठिपक्याच्या कक्षेत दूध व मध येतात. त्यामुळे व्हीगन पदार्थांसाठी २०२२ मध्ये स्वतंत्र नियम करण्यात येऊन त्यांचे निराळे चिन्ह विहित करण्यात आले.