नाकावरून ओळख

गमबूट चढवा. शर्टावर अजून एक शर्ट घाला आणि हातमोजे विसरू नका. का ते कळेलच. साल १९७२, देश रवांडा. पायथ्याशी पांढऱ्या फुलांची शेतं पसरलीत. हे पायरेथ्रम, कीटकनाशकासाठी लावलेलं. काही वर्षांपूर्वी इथंही जंगलच होतं. शेवटचा बांध संपतो तिथं झाडी एकदम भिंतीसारखी उभी राहते.

चढण म्हणजे निव्वळ चिखल. एक पाऊल वर, अर्धं खाली. तीन हजार मीटरच्या आसपास पोचलात की दम असा लागतो की बडबड आपोआप बंद होते. पुढचा वाटाड्या कोयत्यानं वेली छाटत, मागं न बघताच म्हणतो, "पोले पोले." सावकाश, सावकाश. तोल जातो, तुम्ही आधाराला एक हिरवं पान धरता आणि... आई गं! हातमोजा, दोन बाह्या, सगळं भेदून आग आत. आपली खाजकुयली बरी म्हणाल.

धुकं उतरतं. हेजिनियाच्या झाडांना शेवाळाच्या दाढ्या लोंबतायत आणि त्यांचं पाणी टपटप थेट तुमच्या मानेवर. वाटाड्या वाकतो. पाला दुमडून केलेली खोलगट गादी. रात्री कुणीतरी इथं झोपलं होतं. रोज संध्याकाळी नवी गादी, असा यांचा थाट. कडेला लिदीसारखे गोळे. पुढं अजून काही गोळे दिसतात. वाटाड्या त्यांच्याजवळ हाताची पाठ नेतो आणि हसतो. कोमट आहेत.

मग वास येतो. घामाचा, उग्र, दारं बंद केलेल्या तालमीत शिरल्यासारखा.

बसा खाली! मान झुकवा, नजरेला नजर देऊ नका. रानटी सेलरीचा देठ तोडून कचाकचा चावा, अंग खाजवा. ते तसंही खाजतंयच. ही इथं गोरिलांचा अभ्यास करणाऱ्या फॉसीबाईंची शिकवण. करिसिम्बी आणि विसोके या दोन ज्वालामुखींच्या मध्ये त्यांचा तळ आहे, दोन्ही नावं जोडून केलेलं 'करिसोके'. गोरिलांमध्ये बसायचं तर गोरिलासारखं बसावं, हे त्या १९६७पासून इथं राहून शिकल्यात.

पोक-पोक-पोक! छाती बडवल्याचा आवाज तुमच्या छातीत घुमतो. झुडपं मोडतात, चंदेरी पाठीचा डोंगर अंगावर धावून येतो. पळू नका. वाटाड्यानं तुमची बाही घट्ट धरलीय.

तो थांबतो. फुरफुरतो. आणि चक्क जेवायला बसतो. तुम्हाला दिसतात त्याची बोटं: जाडजूड, काळी, सुरकुतलेली. आपण ऊस सोलतो तसा तो दातांनी देठ सोलतो, साल बाजूला टाकतो, आतला रसाळ गाभा खातो. मागं पिल्लांची धुसफूस, आयांचे समाधानाचे ढेकरासारखे हुंकार. तो मात्र मधूनच थांबून तुमच्याकडं बघतोय, अगदी निवांत.

रात्री पत्र्याच्या खोलीत कंदील, ओल्या लोकरीचा वास, हातावर गांधी. वहीत नाक काढायचंय, कारण नाकावरच्या सुरकुत्या प्रत्येकाच्या वेगळ्या आणि इथं ओळख पटते ती त्यांवरूनच. तुम्ही रेघ ओढता, खोडता, पुन्हा ओढता. आठवतात फक्त बोटं. मान वर केलीच कुठं होती? नाक नीट पाहिलं ते त्यानं, तुमचं.

हातमोजे शेकोटीजवळ वाळत घाला. उद्या पुन्हा चढायचंय.