‘पहाड जेवडी भूल’ : एका कबुलीचा भाषिक प्रवास

राजकीय नेत्याने दिलेल्या चुकीच्या कबुलीत विशेषणापेक्षा कर्ता महत्त्वाचा असतो. ‘चुका झाल्या’ या रचनेत चूक मान्य होते, पण चुकणारा वाक्याबाहेर राहतो. या दृष्टीने महात्मा गांधींची १९१९ मधील कबुली अभ्यसनीय ठरते.

रौलट कायद्याविरुद्ध ६ एप्रिल १९१९ रोजी देशव्यापी हरताळ पाळण्यात आला. गांधींच्या अटकेच्या वार्तेनंतर अहमदाबाद व विरमगाम येथे हिंसाचार उसळला. १३ एप्रिलला जालियनवाला बागेतील हत्याकांड घडले. १८ एप्रिलला गांधींनी सत्याग्रह स्थगित केला. आत्मकथेतील निवेदनानुसार, आपल्या चुकीला पर्वताची उपमा त्यांनी प्रथम नडियाद येथे दिली.

या कबुलीतील उपमा प्रचंड असली, तरी विधान काटेकोर आहे. सत्याग्रहाचे तत्त्वच चुकीचे होते, असे गांधी म्हणत नाहीत. कायद्याचे स्वेच्छेने पालन करण्याची पात्रता अंगी बाणलेली नसताना लोकांना सविनय कायदेभंगासाठी पाचारण केले, हा आपला दोष असे ते सांगतात. अर्थात येथे एक ताणही जाणवतो : नेता दोष स्वतःकडे घेतो, पण तो स्पष्ट करताना जनतेच्या अपात्रतेचा निर्वाळाही देतो.

आत्मकथेतील संबंधित प्रकरणाचे गुजराती शीर्षक ‘पहाड जेवडी भूल’ असे आहे. पाचव्या भागातील या प्रकरणाचा इंग्रजी अनुवाद प्यारेलाल यांनी केला. त्यात सामान्य ‘पहाड’ हिमालय झाला आणि ‘भूल’ची ‘मिसकॅल्क्युलेशन’ झाली. घरगुती बोलीतील, नैतिक छटा असलेला शब्द हिशेबाच्या परिभाषेत गेला. मराठीत अडचण निराळी आहे. मराठी ‘भूल’ मोह, विस्मरण वा गुंगी सुचवते. त्यामुळे रूप समान असूनही मराठी अनुवादकाला ‘चूक’ या शब्दाकडेच वळावे लागते.

पुढील वाटचाल अधिक उद्बोधक आहे. सार्वजनिक इंग्रजीत ‘हिमालयन ब्लंडर’ हा प्रयोग रूढ झाला. १९६२ च्या चीन युद्धात ब्रिगेडचे नेतृत्व केलेले व युद्धबंदी झालेले ब्रिगेडियर जॉन दळवी यांनी १९६९ मध्ये आपल्या पुस्तकाला हेच नाव दिले. तेथे हिमालय ही प्रत्यक्ष रणभूमी होती आणि रोख राजकीय व लष्करी नेतृत्वावर होता. दळवींच्या आक्षेपांना सबळ कारणे होती. प्रश्न त्यांच्या योग्यतेचा नसून प्रयोगाच्या दिशेचा आहे. स्वतःच्या चुका बहिर्गोल भिंगातून पाहाव्यात आणि इतरांच्या बाबतीत याच्या उलट करावे, असे गांधींनी याच प्रकरणात म्हटले होते. प्रथमपुरुषी कबुलीसाठी घडलेला हा प्रयोग अर्धशतकात तृतीयपुरुषी आरोपाचे साधन झाला. उपमा टिकली, कर्ता मात्र बदलला. म्हणूनच अशा कबुलींच्या तौलनिक अभ्यासात शब्दार्थाइतकेच पुरुष व प्रयोग यांच्याकडेही लक्ष द्यावे लागते.