उथळ वाटीचा खुबा

एखाद्या धडधाकट मुलीला विशी-पंचविशींतच जांघेंत कळ येऊं लागावी, दोन जिने चढतांच तिनें कठडा धरून उभें राहावें, आणि घरच्या मंडळींनीं ‘आळस, दुसरें काय!’ म्हणून तें हंसण्यावारी न्यावें, हा प्रसंग अगदींच विरळा नाहीं. आळसाचा त्यांत कांहीं एक संबंध नसतो. मांडीच्या हाडाचा गोळा ज्या वाटींत फिरतो ती उथळ राहिली, म्हणजे देहाचा सारा भार तिच्या अरुंद कडेवर येतो. तेथील गुळगुळीत कूर्चा झिजत जाते आणि ऐन उमेदींत सांधा म्हातारा होतो. पुरुषांपेक्षां स्त्रियांत हा दोष पुष्कळच अधिक.

जन्मतः निखळलेल्या खुब्याचें वर्णन हिपोक्रेटिसाच्या नांवावरील ग्रंथांतही आहे. परंतु आजची कथा मी व्हिएन्ना नगरीपासून सांगतों. तेथील अडोल्फ लोरेन्झ हे शस्त्रवैद्य. कार्बोलिक आम्लानें त्यांच्या हातांची त्वचा इतकी बिघडली कीं, त्यांना शस्त्र खालीं ठेवावें लागलें. मग नुसत्या हातांनीं मुलांचे खुबे बसवून ते प्लास्टरांत जखडण्याची रीत त्यांनीं रूढ केली. १९०२ सालीं शिकागोच्या आर्मर या धनाढ्य मांसव्यापाऱ्यानें आपल्या मुलीसाठीं त्यांना अमेरिकेस बोलावून नेलें. एका व्याधीमुळें लाभलेली ही कीर्ति! मात्र ही विद्या बालकांपुरतीच. वाढ पुरी झालेल्या हाडापुढें तिचा इलाज चालत नसे.

तरुणांचा दोष नेमका मोजतां आला तो क्ष-किरणांमुळें. १९३९ सालीं स्वीडनच्या गुन्नार विबर्ग यांनीं गोळ्यावर वाटीचें छप्पर किती येतें याचा कोन ठरवून दिला. पंचवीस अंशांच्या वर निर्दोष, विसांच्या खालीं सदोष. पुढें व्हिएन्नाच्याच कार्ल चियारी यांनीं वाटीच्या वर कटीराचें हाड कापून त्याचा छज्जा केला. पण छज्ज्याला मूळची कूर्चा नव्हती. टोरॉंटोचे रॉबर्ट सॉल्टर यांनीं १९६१ मध्यें मांडलेली युक्ति अधिक सरळ, तरी ती मुलांच्या लवचिक कटीरावर अवलंबून. इंग्लंडांत जॉन चार्नली यांचा कृत्रिम सांधा वृद्धांना वरदान ठरला खरा; पण पंचविशींत तो बसविला, तर पुढें तो पुन्हा बदलण्याची पाळी येणार हें उघड होतें.

ही कोंडी स्वित्झर्लंडांतील बर्न येथें फुटली. १९८४ सालीं राइनहोल्ट गांझ यांनीं वाटीच्या सभोंवतीं हाड कापून ती मोकळी केली आणि गोळ्यावर नीट फिरवून स्क्रूंनीं बसविली. छत्री नवी आणावयाची नाहीं, आहे तीच पावसाच्या रोखानें कलती करावयाची, असा हा प्रकार. यांतील मर्म मात्र न कापलेल्या हाडांत आहे. कटीराचा मागचा खांब अभंग ठेवल्यामुळें प्लास्टराची गरज उरली नाहीं. शिवाय प्रसूतिमार्गाचा आकार बदलत नाहीं. तरुण स्त्रियांच्या दृष्टीनें ही गोष्ट लहान नव्हे. काम मात्र जोखमीचें. कांहीं काप डोळ्यांना न दिसतां घ्यावे लागतात आणि पायाची मोठी नस जवळूनच जाते.

१९८८ सालीं गांझ व त्यांचे सहकारी यांनीं हें तंत्र प्रसिद्ध केलें. आरंभींच्या पंचाहत्तर खुब्यांचा हिशेब बर्नच्या वैद्यांनीं पुढेंही ठेवला, याचें मला विशेष कौतुक वाटतें. वीस वर्षांनीं शेंकडा साठ खुबे टिकून होते; तीस वर्षांनीं सुमारें तीस. कोणी म्हणेल, हें यश थोडें. पण त्या रोग्यांचें सरासरी वय शस्त्रक्रियेच्या वेळीं एकोणतीस होतें, आणि मधलीं तीं वीस वर्षें म्हणजे नोकरीचीं, संसाराचीं, मुलांना कडेवर घेण्याचीं. ज्यांची कूर्चा आधींच झिजली होती, त्यांचे खुबे लौकर गेले. म्हणूनच वेदना नवी असतांनाच क्ष-किरणचित्र पाहून तो कोन मोजण्याचा आग्रह शस्त्रवैद्य धरतात.