एम्युलेटर : एकत्रित आणि स्वतंत्र

जुन्या खेळयंत्राचा प्रोसेसर, चित्रचिप आणि ध्वनिचिप यांचे वर्तन आजच्या संगणकावर किंवा मोबाइलवर पुन्हा घडवून त्या यंत्राचे खेळ चालवणाऱ्या प्रणालीला एम्युलेटर म्हणतात. स्वतंत्र एम्युलेटर एका यंत्रापुरता किंवा निकटच्या दोन यंत्रांपुरता लिहिलेला असतो. प्लेस्टेशन २ साठीचा पीसीएसएक्स२, तसेच गेमक्यूब व वी यांसाठीचा डॉल्फिन ही त्याची ठळक उदाहरणे होत. अनेक यंत्रांचे खेळ एकाच ठिकाणाहून चालवणाऱ्या एकत्रित प्रकारात रेट्रोआर्क सर्वपरिचित असून २०१० मध्ये एसएसएनईएस या नावाने सुरू झालेल्या या प्रकल्पाने २०१२ मध्ये सध्याचे नाव घेतले. रेट्रोआर्क स्वतः कोणत्याही यंत्राचे अनुकरण करत नाही. लिब्रेट्रो या जोडणी-नियमावलीनुसार बांधलेले 'कोअर' तो चालवतो, आणि यांतील बरेचसे कोअर मूळच्या स्वतंत्र एम्युलेटरांचीच रूपांतरे असल्याने निवडीचा खरा प्रश्न यंत्राच्या काळाशी निगडित ठरतो.

आठ व सोळा बिटांच्या यंत्रांसाठी एकत्रित प्रकार निःसंशय सोयीचा आहे. कंट्रोलरची मांडणी एकदाच करावी लागते, जुन्या टीव्हीच्या पडद्याचा भास देणारे शेडर सर्वत्र लागू होतात, आणि 'रन-अहेड' या सोयीने पुढील काही चित्रचौकटी आधीच गणून बटण दाबणे व पडद्यावरील हालचाल यांतील विलंब घटवता येतो. या सोयीसाठी यंत्राची संपूर्ण स्थिती दर चौकटीला साठवून परत आणावी लागत असल्यामुळे प्लेस्टेशन २ सारख्या अवजड यंत्राला ती पेलत नाही. अशा यंत्रांच्या बाबतीत स्वतंत्र एम्युलेटरच घ्यावा, कारण दुरुस्त्या व खेळागणिक जुळवण्या तेथे आधी पोहोचतात. डॉल्फिनचा कोअर तर मूळ प्रकल्पाच्या बराच मागे राहत आला आहे.

१९९० च्या दशकात महाराष्ट्रातील अनेक घरांत 'टीव्ही व्हिडिओ गेम' म्हणून आलेली यंत्रे बहुधा निंटेंडोच्या १९८३ मधील फॅमिकॉमच्या विनापरवाना नकला होत्या. त्यांच्या बहुखेळी कॅसेटींत स्मृतीचे भाग आलटून पालटून जोडणारी, निंटेंडोने कधीच न वापरलेली मंडले, म्हणजेच 'मॅपर', असत आणि प्रत्येक मॅपर एम्युलेटरला वेगळा शिकवावा लागतो. एखादी कॅसेट एका कोअरवर चालली नाही, तर रेट्रोआर्कमध्ये नेस्टोपिया, एफसीईयूएमएम किंवा मेसेन हे कोअर बदलून पाहता येतात. मात्र कॅसेटचा आतून अभ्यास करायचा असल्यास स्मृतिदर्शक व डीबगर असलेले स्वतंत्र मेसेनच उपयोगी पडते.

आर्केड खेळांसाठीचा, १९९७ पासूनचा मेम हा वेगळाच विषय आहे. त्याच्या आवृत्तीनुसार रॉम-संच, म्हणजे मूळ चिपांतील मजकुराच्या फाइली, बदलतात. म्हणून दुबळ्या यंत्रांसाठी ठेवलेल्या 'मेम २००३' या कोअरला ०.७८ या जुन्या आवृत्तीचाच संच लागतो.

एम्युलेटर बदलताना 'सेव्ह स्टेट', म्हणजे एम्युलेटरने साठवलेली यंत्राची त्या क्षणाची स्थिती, सहसा निरुपयोगी ठरते, तर खेळाच्या स्वतःच्या सोयीने जतन केलेली फाइल बहुधा नव्या ठिकाणी नेता येते.