पोतं युरोपचं, फॅट खेड्याची

1972 सालचा मे महिना. पहाटेचे साडेचार. गिरगावातल्या चाळीचा लाकडी जिना तुम्ही चाचपडत उतरता. पिशवीत दोन रिकाम्या काचेच्या बाटल्या, मुठीत दुधाचं कार्ड. केंद्रासमोर रांग लागलेली आहे. उन्हाळ्यात म्हशी आटतात, आणि मग मुंबईत दुधासाठी उठावं लागतं ते असं.

नंबर लागतो. गार बाटली हातात येते. रुपेरी बूच अंगठ्याने दाबून तुम्ही एक घोट घेता. चव ओळखीचीच. पण या घोटातलं थोडं दूध युरोपातल्या गाईंचं असू शकतं, हे तुमच्या शेजारच्या काकूंना कुणी सांगितलेलं नाही.

म्हणून जरा मागे, गोदीत चला. बोटीतून पोती उतरताहेत आणि हमालांच्या घामेजल्या खांद्यांवर पांढरी भुकटी चिकटते आहे. युरोपीय आर्थिक समुदायाने आपल्या शेतकऱ्यांना हमीभाव दिला आणि तिकडे लोण्याचे, पावडरीचे डोंगर साचले. त्यातली 1,26,000 टन दूध पावडर आणि 42,000 टन बटर ऑइल जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत भारताला भेट म्हणून ठरलं आहे. देणाऱ्यांची त्यात सोय होतीच. पण मला त्याचा राग येत नाही, कारण खरा प्रश्न पोतं उतरल्यावर सुरू होतो.

हीच पावडर शहरात फुकट किंवा पडत्या भावाने वाटली, तर खेड्यातलं दूध कोण घेईल? शेतकरी म्हैस बाजारात नेईल, आणि पुढच्या वर्षी आपण पुन्हा बोटीची वाट बघत बसू. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळात वर्गीस कुरियन यांनी नेमकी हीच मेख ओळखली. पावडर आणि बटर ऑइल यांचं दूध करायचं, ते रास्त भावाने विकायचं आणि येणाऱ्या पैशातून दुग्धशाळा, शीतकरण केंद्रं, टँकर उभे करायचे. 1970 साली सुरू झालेली हीच ती दूध महापूर योजना, ऑपरेशन फ्लड. पहिल्या टप्प्यात 18 दूधक्षेत्रं मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासला जोडायची होती. भेट आलेल्या पावडरीनेच पावडरीची गरज संपवायची, असा हा बेत.

तो कुठे रुजतो ते बघायला संध्याकाळी गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातल्या एका गावात, सहकारी दूध संस्थेसमोर उभे राहा. शेणाचा, धुराचा वास. डोक्यावर पितळी भांडी घेतलेल्या बायका ओळीने येतात. रांग आल्या क्रमाने, जात विचारून नव्हे. चौथ्या नंबरची बाई भांडं रिकामं करते. दूध मापलं जातं आणि त्यातला नमुना छोट्या बाटलीत जातो. पुढे काचेच्या नळीत आम्ल, मग दूध, मग थोडं अल्कोहोल. नळी हातात धरून बघा, चटका बसेल इतकी तापते. यंत्रात गरगर फिरून ती बाहेर येते तेव्हा अरुंद मानेत स्निग्धांशाचा पिवळसर थर उभा राहिलेला असतो. सचिव ती दिव्यापुढे धरतो. सात.

गुजराती येत नसलं तरी तिचा प्रश्न तुम्हाला कळतो. कोल्हापूर-सांगलीच्या दूध संस्थांमध्येही हेच विचारतात, ‘फॅट किती लागली?’ गवळ्याच्या अंदाजाला आता इथे जागा नाही. सातला सातचाच भाव.

सगळंच साधलं असं नाही. 1983 मध्ये गोव्याच्या क्लॉड अल्वारिस यांनी या योजनेवर कडाडून टीका केली, पुढे तिच्या मूल्यमापनासाठी झा समितीही बसली. परदेशी पावडरीवर शहरं किती विसंबली, हा अल्वारिस यांचा प्रश्न रास्त होता आणि विचारायलाच हवा होता. तरी 1998 मध्ये भारत जगातला सर्वांत मोठा दूध उत्पादक झाला, आणि तो मुख्यतः दोन-तीन जनावरं पाळणाऱ्यांच्या जिवावर.

ते सगळं अजून लांब आहे. रात्र सरते. सकाळी तीच बाई ताजं दूध घालायला येते. कालच्या दुधाचे पैसे सचिव तिच्या हातावर ठेवतो. ती ते दोनदा मोजते, पदराच्या गाठीत बांधते आणि सरकीची पेंड कितीला झाली, ते विचारते.