पुस्तिका बदलण्याचा हक्क कोणाचा?

मुक्त सॉफ्टवेअरचा इतिहास सांगताना आपण प्रोग्राम लिहिणाऱ्यांची नावं घेतो. तो वापरायचा कसा, हे ज्यांनी लिहून ठेवलं ते राहून जातात. आज त्यांच्या लेखनाविषयी बोलू.

सुरुवात अमेरिकेतल्या बेल लॅब्जपासून करावी लागते. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्सची पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१ची. प्रत्येक आज्ञेची स्वतंत्र नोंद: नाव, वापर, वर्णन आणि शेवटाकडे 'बग्ज' हा मथळा. म्हणजे काय, तर आपला प्रोग्राम कुठे चुकतो हे आपणच लिहून द्यायचं. आपल्या परंपरेत वार्तिकाचं काम सांगितलंय ते उक्त, अनुक्त आणि दुरुक्त यांचा विचार करण्याचं. इथे बघा, दुरुक्ताची नोंद मूळ ग्रंथातच आली!

पुढे १९८३मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. प्रोग्राम बदलण्याचा हक्क सर्वांना हवा, ही त्यांची भूमिका. पण मग पुस्तिकेचं काय? तुम्ही प्रोग्राम सुधारलात आणि पुस्तिकेला हात लावता येत नसेल, तर ती वाचणाऱ्याची दिशाभूल करणार. म्हणून पुस्तिकाही मुक्त हवी. त्यासाठी मार्च २०००मध्ये 'ग्नू मुक्त दस्तऐवज परवाना' आला.

आता खरा पेच. या परवान्यात लेखकाला काही भाग 'अपरिवर्तनीय' ठरवता येतात. तांत्रिक मजकूर नव्हे हं, फक्त लेखकाची भूमिका वगैरे सांगणारे भाग. 'ईमॅक्स'च्या पुस्तिकेत ग्नूचा जाहीरनामा असाच राखलेला होता. डेबियनच्या स्वयंसेवकांनी २००६मध्ये यावर मतदान घेतलं. निर्णय असा: अपरिवर्तनीय भाग नसतील तर पुस्तिका मुक्त, असतील तर नाही. त्यामुळे ईमॅक्सची पुस्तिका डेबियनच्या 'अमुक्त' विभागात गेली. ग्नूचीच पुस्तिका, आणि अमुक्त!

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. कृती सांगणारं वाक्य खरं की खोटं, हे करून पाहता येतं. म्हणून ते दुरुस्त करण्याचा हक्क हवाच. मत मात्र कुणाचं तरी असतं. ते बदलून त्याच्याच नावावर ठेवणं हा अन्याय. भाष्यकार सूत्राशी वाद घालतो, पण सूत्र खोडत नाही. मात्र डेबियनचा मुद्दा असा, की ग्रंथ पुढे नेणाऱ्यावर न काढता येणारं ओझं लादलं, तर त्याचं स्वातंत्र्य तेवढं कमी झालं.

हा परवाना आपल्याही ओळखीचा आहे. विकिपीडिया, त्यात मराठीही आली, २००९पर्यंत मुख्यतः त्याच्याच आधारे चालला. पण छापील पुस्तिकेसाठी केलेला हा नियम छोट्या लेखाला जड होता. एक लेख छापून वाटायचा तरी सोबत अख्खा परवाना जोडायचा. म्हणून विकिपीडियानं 'क्रिएटिव्ह कॉमन्स'चा परवाना स्वीकारला.

तेव्हा कुठल्याही प्रकल्पाच्या पुस्तिकेत एक चुकीची ओळ दुरुस्त करणं हे किरकोळ काम समजू नका. ती ओळ दुरुस्त करण्याचा हक्क आज गृहीत धरला जातो. तो मागावा लागला होता, आणि त्याच्या मर्यादांवर भांडावंही लागलं होतं.