लाकडी विमान आणि पावसाळा

विमानाचा शत्रू कोण, असे विचारले की तोफेचे नाव निघते. इथल्या एका कारखान्यात तीस वर्षे विमानांची डागडुजी केल्यावर माझे उत्तर निराळे आहे : ऊन आणि ओल.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूस उतरले. पावसाळ्यात ते मैदान चिखलाने निकामी होई, तेव्हा ही टपालसेवा पुण्यास हलवावी लागे. शांततेच्या काळी हे जमते. युद्ध मात्र पावसाळ्यासाठी थांबत नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचे ‘मॉस्किटो’ विमान फार नावाजले. ते लाकडी होते. बर्चच्या प्लायवूडच्या दोन पातळ थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड, आणि सारे सरसाने सांधलेले. आरंभी हा सरस दुधातल्या केसिनचा असे. दमट हवेत तो टिकेना, म्हणून पुढे कृत्रिम सरस आला. तरीही १९४४ च्या ऑक्टोबरात हिंदुस्थानात अपघात झाले आणि नोव्हेंबरात तिथली मॉस्किटो विमाने तपासणीसाठी जमिनीवर खिळवली गेली. पंखांचे सांधे उकललेले आढळले. कोणी हवामानाला दोष दिला, कोणी कारखान्यातल्या ढिसाळ जोडकामाला. मी सुताराचा नातू. मला दुसरे म्हणणे अधिक पटते. नीट बसलेला सांधा एका पावसाने उकलत नाही. जिथे फट राहिली तिथेच पाणी शिरते. पुढे सांध्यावर प्लायवूडची पट्टी बसवण्यात आली. पूर्वेकडच्या विमानांना ऊन परतवण्यासाठी रुपेरी रंगही देत.

याच जातीची विमाने इस्राएलने १९५१ मध्ये फ्रान्सकडून घेतली आणि १९५६ च्या सिनाई युद्धात वापरली. मी कामाला लागलो तेव्हा मात्र सारी विमाने धातूची होती.

धातूला ओलीचे भय नाही, असा माझा भाबडा समज. एका हिवाळ्यात पावसाने भिजलेल्या पंखावर मी ताडपत्री घट्ट आवळून बांधली आणि ती कित्येक दिवस सोडलीच नाही. पुढे मुकादमाने रिव्हेटांभोवतीची पांढरी भुकटी नखाने खरवडून मुकाट्याने माझ्या तळहातावर ठेवली. ॲल्युमिनियम कुजले होते. पत्रा बदलावा लागला.

अलिबागेस आमचे आजोबा मृगापूर्वी पडवीला झाप बांधीत, तेव्हा वारा खेळावा म्हणून खालची वीतभर जागा मोकळी सोडीत. ती मला त्या दिवशी आठवली. त्यानंतर पाऊस उघडला की चहाआधी मी ताडपत्र्या सोडत असे.